नवव्या बोगद्यातली भेग

त्या गुरुवारी कौको आणि मी खाली उतरलो ते भांडायलाच. भांडण जुनं होतं. फक्त ते त्याच्या खोलीत करण्याऐवजी जागेवर जाऊन करायचं ठरलं होतं.

लेप्पाकारी बेटाच्या पोटात, चारशे मीटरपेक्षाही खोल, आम्ही अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन पुरण्यासाठी बोगदे खोदतो. इंधन तांब्याच्या पिंपात ठेवायचं. पिंपाभोवती पाणी लागलं की फुगणारी चिकणमाती ठासायची. आणि त्या सगळ्याभोवती कातळ. पिंप आणि माती माणसाच्या हातची, कातळ मात्र आयता मिळालेला. तो कसा आहे हे बघणं माझं काम. नवा बोगदा खणला की भिंती धुऊन घ्यायच्या, दिवा तिरका धरायचा आणि एकेक भेग तपासायची. गेली कित्येक वर्षं मी एवढंच करते आहे, आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

नवव्या बोगद्यात एक भेग निघाली होती. जमिनीतून वर येऊन ती डाव्या भिंतीवर चढत होती, छतावरून पलीकडे जात होती आणि उजव्या भिंतीवरून उतरून पुन्हा जमिनीत शिरत होती. बोगद्याच्या हातात बांगडी घातल्यासारखी. अशी पुरी बांगडी दिसली की आमचा नियम सोपा आहे. भेग लांबवर गेलेली आहे असं धरून चालायचं, आणि तिच्या वाटेत पिंपासाठी खड्डा पाडायचा नाही. ही भेग तिरकी जात असल्यामुळे तीन खड्ड्यांच्या जागा बाद होत होत्या. मी त्या बाद केल्या होत्या.

कौको आमचा प्रमुख. साठीला टेकलेला, उंच, बोगद्यांच्या छताखाली वावरून वावरून जरा वाकलेला. टीव्हीवर तो 'एक लाख वर्षं' हे शब्द असे उच्चारायचा की जणू येत्या शनिवारबद्दल बोलतोय. लोकांना ते आवडायचं. मलाही आवडायचं, खरं तर.

"ती भेग सुरुंगाची आहे, मेर्वी," गाडी बोगद्यांकडे नेणाऱ्या उताराला लागल्यावर तो म्हणाला. "आपणच पाडलेली."

"सुरुंगाच्या भेगेत हिरवा लेप नसतो. हिच्यात आहे. तो धरायला कोट्यवधी वर्षं जातात."

"कोरडी ठणठणीत आहे ती. एक थेंब नाही."

"आज नाही."

"तू लग्नातही अशीच बोलत असशील. 'आज तरी नवरा बरा आहे.'"

"म्हणूनच तो टिकलाय," मी म्हणाले.

नवव्या बोगद्याच्या तोंडाशी पिर्यो काम करत होती. भिंतींवर काँक्रीट फवारायचं यंत्र ती चालवते. पन्नाशीची, ठेंगणी, आणि तोंडाला कुलूप नसलेली. तिचा धाकटा भाऊ राइमो वरून ट्रकमधून काँक्रीट आणतो आणि ती ते भिंतीवर मारते. 'आमच्या घरात लहानपणापासून असंच आहे, तो चिखल आणतो आणि मी थापते,' असं ती सगळ्यांना सांगते.

आम्हाला बघून तिने यंत्र थांबवलं. "आली का जोडी? भांडा निवांत. राइमो यायचाय, तोवर मी कॉफी पिते."

आम्ही भेगेजवळ गेलो. कौकोने हातमोजा काढून भेगेवरून बोट फिरवलं. मी दिवा धरला. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात मागे पिर्योच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला. राइमोचा आवाज होता.

"पिर्यो, मी शेवटच्या वळणाच्या वर आहे. इंजिनाला कसला तरी वास येतोय. थांबवून बघतो."

"कॉफी उतू गेली असेल," ती म्हणाली.

थोडा वेळ काहीच नाही. मग तोच आवाज, पण पळणाऱ्या माणसाचा. "आग लागलीय. टायर पेटले. पिर्यो, तुम्ही..." पुढचं खरखराटात बुडालं. मग धोक्याचा कर्णा वाजायला लागला.

धूर आधी दिसला नाही. आधी वास आला, जळक्या रबराचा. मग उताराच्या बाजूचे दिवे एकेक करून पिवळे झाले आणि विझले. लिफ्टकडे जायची वाट त्याच बाजूने होती. दर काही महिन्यांनी सराव होतो आणि आम्ही सगळे तो जांभया देत करतो, पण पाय शिकलेले असतात. तिघंही डब्याकडे धावलो.

डबा म्हणजे कातळात खोबण करून आत ढकललेली पोलादी खोली. समोरासमोर दोन बाकं, हवेच्या टाक्या, पाणी, कोपऱ्यात पडद्यामागे संडासाची बादली, एक फोन, आणि दारात वाटीएवढी काच. मी शेवटची आत शिरले आणि दाराचा दांडा खाली ओढला. कर्ण्याचा आवाज एकदम लांब गेला. हवा सुरू झाली, तिचा शिटीसारखा बारीक आवाज तेवढा राहिला.

पिर्योने फोन उचलला. वरच्या माणसाचं बोलणं आम्हालाही ऐकू येत होतं. ट्रक उताराला आडवा पेटलाय. धूर तुमच्या बाजूला येतोय. अग्निशमनवाले वरून निघालेत, पण वेळ लागेल. काही झालं तरी दार उघडू नका.

"राइमो कुठे आहे?" पिर्योने विचारलं.

"अजून कळलेलं नाही. तो ज्या..."

फोन तिथेच मेला. तार बोगद्याच्या छतावरून जाते, ती जळली असणार. पिर्योने फोन दोनदा आपटला, पुन्हा कानाला लावला, आणि मग अंडं ठेवावं तसा हळूच जागेवर ठेवून दिला.

"तो ज्या काय?" ती म्हणाली. "ज्या बाजूला गेला, की ज्या ट्रकमध्ये होता?"

ती बाकावर बसली, हात मांड्यांखाली दाबले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

काचेबाहेर आधी करडं झालं, मग काळं. मग ती काच होती हेही कळेना.

मला वाटलं होतं, कुणाचा धीर सुटलाच तर तो पिर्योचा सुटेल. सुटला तो कौकोचा. आधी त्याने गळ्याशी हात नेला. मग जाकिटाची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. उभा राहिला. छत त्याच्या डोक्याला लागत होतं. बसला, पुन्हा उठला.

"हवा येतेय ना?"

"येतेय. ऐक ना आवाज."

"आवाज येतोय. हवा येतेय का?"

"कौको, बस."

"मी फक्त काचेतून बघतो."

"काचेतून काही दिसत नाहीये."

तो दाराशी गेलाच. काचेला कपाळ टेकलं. त्याचा उजवा हात दांड्याकडे चालला होता. हात जातोय हे त्याला कळतच नव्हतं. तीस वर्षं हा माणूस जमिनीखाली वावरला होता, पण प्रत्येक वेळी त्याच्यामागे उतार मोकळा होता. बाहेरचा धूर दोन श्वासांत माणसाला आडवा करतो. दार बोटभर जरी उघडलं असतं, तरी आम्ही तिघं तिथेच संपलो असतो.

मी त्याचा हात धरला असता तर त्याने मला ढकलून दिलं असतं. तो माझ्या दुप्पट होता. मला काही सुचेना. मग सुचलं ते हेच:

"सुरुंगाची भेग म्हणालास. मग ती छतावर सलग का आहे?"

"काय?"

"सुरुंगाच्या भेगा भोकापासून फाकतात. पंख्यासारख्या. ही सरळ गेलीय. तीस वर्षं या धंद्यात आहेस आणि तुला एवढं दिसत नाही?"

त्याने मान वळवली. डोळे मोठे झालेले, घाम हनुवटीवरून गळत होता. पण मी त्याला डिवचलं होतं, आणि कौकोला कामावरून डिवचलेलं सहन होत नसे.

"मी असं म्हणालोच नव्हतो," तो म्हणाला. "मी म्हणालो की जुनी बारीक भेग असेल, ती सुरुंगाने उघडली. लांब नाहीये ती. दोन-चार मीटरवर मरते."

"कशावरून?"

"कशावरून नाही म्हणतेस?"

"नियमावरून. पुरी बांगडी म्हणजे लांब समजायची."

"समजायची! समजायची म्हणजे असतेच असं नाही ना! नियम हा न बघणाऱ्यासाठी असतो, मेर्वी. तू बघणारी आहेस."

"बस आणि मग सांग. मान दुखते माझी."

तो बसला.

आणि मग आम्ही खरोखरच भांडलो. किती वेळ ते मला आजही सांगता येणार नाही. आत उकडायला लागलं, तिघांच्या अंगच्या उबेने भिंती ओल्या झाल्या, आणि आम्ही भेगेवरून एकमेकांवर ओरडत होतो. मी थांबले की त्याची नजर दाराकडे जायची. म्हणून मी थांबत नव्हते.

"बर्फ परत येणार आहे," मी म्हणाले. "आज नाही, उद्या नाही. पण येणार. दोन किलोमीटर जाडीचा. त्याखाली कातळ दबेल. मग बर्फ वितळेल आणि कातळ वर उसळी घेईल. तेव्हा धक्के बसतील, आणि लांब भेग असेल तर ती सरकेल. चार बोटं सरकली तरी पिंपाची मान मोडेल."

"बर्फ येईल तेव्हा इथे माणूस नसेल."

"आणि असला तर?"

"आमच्या आजोबांची नावेची खोपटी," पिर्यो अचानक म्हणाली. फोननंतरचे तिचे ते पहिले शब्द. "पाण्यात पाय ठेवून बांधली होती त्यांनी. आता तिथे शेजाऱ्याच्या गाई चरतात."

"तेच सांगतेय मी," मी म्हणाले. "गेल्या वेळचा बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली आणि जमीन अजून वर येतेच आहे."

"मग? खोपटी पडली का?" कौको तिच्यावरच उखडला. "हळूच वर आली ना? न तडकता?"

"कलली आहे जराशी."

"ते तुमच्या राइमोने ट्रॅक्टर घातला म्हणून!"

तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. हवेची शिटी तेवढी चालू. पिर्योचे ओठ हलले, पण तिला हसायचं होतं की आणखी काही, ते कळलं नाही.

"हो," ती म्हणाली. "त्यानेच घातला होता. चालू द्या तुमचं. तुम्ही गप्प बसलात की मला नाही नाही ते ऐकू येतं."

मग कौको जे बोलला ते तो टीव्हीवर कधी बोलला नव्हता. "तुला वाटतं मला घाई आहे. मला साहेबलोकांचे फोन येतात, ते खरं आहे. पण तू एक सांग. ते इंधन आत्ता कुठे आहे? वर, तलावात, पाण्याखाली. पंप चालू आहेत, पहारेकरी आहे, वीज आहे, म्हणून ते शांत आहे. पूर्वेकडच्या युद्धाचं तूही वाचतेस. पुढची शंभर वर्षं रोज सकाळी कुणीतरी शहाणा माणूस कामावर येईल आणि तो पंप बघेल, याची खात्री देतेस? कातळ संपावर जात नाही, मेर्वी. त्याला सरकार लागत नाही. तू एकेक खड्डा बाद करतेस तेव्हा ते इंधन तितके दिवस जास्त वर राहतं. तेही मोज ना. ते कुणीच मोजत नाही."

मी म्हणाले, "म्हणून काय वाटेल तिथे ठेवायचं?" पण ते उत्तर नव्हतं, नुसता शब्दाला शब्द होता. तोही ते समजला. पहिल्यांदाच जरा टेकून बसला.

तेवढ्यात आवाज आला. ठक्क.

पोलादावर काहीतरी आपटल्यासारखा. थोडं थांबून पुन्हा. ठक्क, ठक्क.

कौको ताडकन उठला. "राइमो! राइमो आहे! तो दार वाजवतोय!"

पिर्योही उभी राहिली. "राइमो!" तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. मग पुन्हा ठक्क.

तिने माझ्याकडे पाहिलं. कौकोकडे नाही, माझ्याकडे. "मेर्वी. काय आहे ते?"

तापलेला कातळ तडकतो हे मला माहीत होतं. त्याच्या पोटात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. वर ट्रक जळत असेल तिथलं छत याच वेळी फुटायला लागणार, हे पुस्तकातलं गणित होतं. पण दारावर मूठ आपटणारा माणूस कसा वाजतो, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

मी डावा तळहात दारावर ठेवला. मग डब्याच्या मागच्या टोकाला गेले. तिथे पोलादाची पाठ थेट कातळाला टेकलेली आहे. तिथे हात ठेवला आणि वाट बघितली. ठक्क. हाताला हिसका बसला. पुन्हा दाराशी. ठक्क. दार नुसतं गुणगुणलं. पुन्हा मागे. आवाज दारातून येत नव्हता. तो मागून, कातळातून येत होता.

"कातळ आहे," मी म्हणाले. "आगीजवळचा कातळ तडकतोय. दारावर कुणी नाही."

"नक्की?"

"पिर्यो..."

"शंभर टक्के सांग."

"शंभर टक्के मी आयुष्यात कशाचंच सांगितलेलं नाही," मी म्हणाले. "पण कातळच आहे."

ती बघत राहिली. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, आणि मी कितीही प्रयत्न केला तरी जे माझ्याकडे नव्हतं ते मला तिथे आणता येत नव्हतं. मग तिने मान हलवली. एकदाच.

कौकोने ते पाहिलंच नाही. "तुम्ही वेड्या आहात! माणूस मरतोय तिथे!" असं ओरडत तो दाराकडे झेपावला. पिर्यो मध्ये आली. ती त्याच्या छातीलाही पुरत नव्हती. तिने पाठ दाराला लावली आणि दांडा दोन्ही हातांनी मागे धरला.

"बाजूला हो!"

"भाऊ कुणाचा आहे?" ती म्हणाली. ओरडली नाही. "कौको, भाऊ कुणाचा आहे बाहेर?"

"तुझा! म्हणून तर..."

"माझा ना? मी उघडत नाहीये. मग तू कोण उघडणारा? बस खाली."

तो तिच्यासमोर उभा राहिला, हात उगारलेला. मग तो हात तसाच खाली आला आणि एवढा मोठा माणूस बाकावर नव्हे, जमिनीवर बसला. गुडघ्यांत डोकं घातलं. आमच्यासमोर रडताना त्याला लाज वाटली नाही, किंवा तेवढं भानच नव्हतं. पिर्यो दाराला टेकून हळूहळू घसरत त्याच्या शेजारी बसली. दांडा तिने सोडला नाही. खिशातून चघळायच्या खारट काळ्या गोळ्यांची डबी काढली आणि एका हाताने उघडून त्याच्या पुढे धरली. त्याने एक घेतली.

आवाज बराच वेळ येत राहिले. प्रत्येक आवाजाला पिर्यो डोळे मिटायची. मी मागच्या भिंतीला हात लावून बसले होते आणि प्रत्येक वेळी म्हणत होते, "कातळ." शेवटी शेवटी ते मी तिच्यासाठी म्हणत होते की स्वतःसाठी, देव जाणे.

आम्हाला बाहेर काढलं तेव्हा दाराबाहेर मुखवटे घातलेली चार माणसं होती. बोगदा ओळखू येत नव्हता, सगळीकडे काजळी. पिर्योने पहिल्या माणसाची बाही पकडली. तिला काही विचारावं लागलं नाही.

"ट्रकवाला वर आहे," तो मुखवट्यातून म्हणाला. "उतारावरच्या दुसऱ्या डब्यात शिरला होता. धूर बराच गेलाय छातीत, पण शिव्या देतोय."

पिर्यो जे ओरडली तो शब्द मी इथे लिहीत नाही.

राइमो महिनाभर इस्पितळात होता. त्याच्या फुप्फुसांनी पुन्हा खाली जायला नकार दिला. आता तो वरच्या गोदामात फुगणाऱ्या मातीचे ठोकळे मोजतो आणि चार वाक्यांमागे एकदा खोकतो. डब्याजवळ येऊन दार वाजवलं होतंस का, असं त्याला कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "बहिणीचं दार? ती तर घरीसुद्धा उघडत नाही."

आग लागली तो ट्रक बाद झाला, चौकशी झाली, तारा आता छताऐवजी जमिनीखालून जातात. पिर्यो आठवड्याभरात कामावर आली. मला जास्त वेळ लागला. पहिल्या दिवशी उताराच्या शेवटच्या वळणाशी मी गाडीचालकाला थांबायला लावलं आणि उतरून भिंतीशी ओकले. दुसऱ्या दिवशीही. अजूनही ते वळण आलं की माझी मूठ वळते, पण गाडी थांबवावी लागत नाही.

कौको मात्र परत आला नाही. आधी रजा, मग मुदतीआधीची निवृत्ती. त्याच्या जागी एक तरुण, नम्र बाई आली. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "नवव्या बोगद्यातल्या त्या तीन जागांचं काय करायचं?"

मी म्हणाले, "आडवं भोक पाडून बघू या." हे आधीही करता आलं असतं. पण आधी आम्ही भांडण्यात गुंतलो होतो, आणि भांडणात कुणालाच उत्तर नको असतं.

दोन्ही बाजूंनी भोकं पाडली, आतून कातळाच्या लांब कांड्या काढल्या. मी एकेक कांडी धुऊन, वळवून पाहिली. भिंतीतून आत जाताना भेग आधी ठळक होती. मग केसाएवढी झाली. मग तिचा हिरवा लेप संपला आणि एक पांढरी पुसट रेघ उरली. मग तीही नाही. कातळ सलग, जसा काही कधीच तडकला नव्हता. दोन्हीकडे हेच. मी आणखी एक भोक पाडायला लावलं. त्यातही तेच. भेग लांब नव्हती. कौको म्हणाला होता तशीच ती थोड्याच अंतरावर मेली होती.

एका जागेला दुसरी एक भेग चाटून जात होती, ती मी बाद ठेवली. उरलेल्या दोन्हींवरची हरकत मागे घेतली.

कौकोला हे कुणी सांगितलं माहीत नाही. त्याचा फोन आला. आवाज चिरका. "तू मागे घेतलंस?"

"हो."

"का? कुणी दाबलं तुला?"

मी गाडी काढून त्याच्या किनाऱ्यावरच्या झोपडीकडे गेले. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते, बर्चच्या झाडांची पानं सगळी गळलेली. झोपडीचं पुढचं दार, मागचं दार, वाफेच्या सॉनाचं दार, सगळी सताड उघडी आणि वारा आरपार. तो आत लोकरी टोपी घालून बसला होता. मीही कोट काढला नाही. त्याने कॉफी ओतली, काळ्या पावावर लोणी लावून पुढे केलं. लोणी थंडीने मेणासारखं झालं होतं.

मी त्याला कांड्यांचं सगळं सांगितलं. त्याने तज्ज्ञासारखे तीन प्रश्न विचारले, तिन्ही नेमके. मग म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं."

"भेगेबद्दल, हो."

"तरी पिंप टाकू नका तिथे."

"का?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "सकाळी जाग येते ना, मेर्वी, तेव्हा आधी मला वाटतं मी त्यात आहे. पिंपात. भोवती माती फुगतेय आणि कुणी येणार नाहीये. आपल्याला निदान ठाऊक होतं की वर माणसं आहेत, ती येतील. तिथे कुणीच येणार नाही. कधीच. आपण तेच तर पक्कं करतो आहोत."

"पिंपात माणूस नाहीये, कौको."

"माहीत आहे." तो जरा हसला. "मी शिकलेला माणूस आहे. मला सगळं माहीत आहे."

मला त्याला काहीतरी द्यायचं होतं, पण माझ्याकडे फक्त खरं होतं. "त्या दिवशी तू जे म्हणालास," मी म्हणाले, "पंपांचं, पहारेकऱ्याचं. ते मला रोज आठवतं. म्हणून मी तीन वेळा भोक पाडून बघितलं. नाही तर नियम सांगून मोकळी झाले असते. मी ते तुझ्यासाठी लिहिलं नाही आणि तुझ्याविरुद्धही लिहिलं नाही. कातळात जे होतं ते लिहिलं."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला. मग आम्ही कॉफी संपवली. निघताना त्याने मला दोन धुरावलेले मासे कागदात गुंडाळून दिले, आणि गाडीपर्यंत सोडायला आला. बाहेर, उघड्यावर, तो जुना कौको वाटत होता. पाठ ताठ, हात खिशात.

वसंतात त्या दोन जागी खड्डे पाडले. भिंती कोरड्या आणि गुळगुळीत निघाल्या, एवढ्या चांगल्या की पाहुणे आले की त्यांना तेच दाखवतात. कौकोला मी ते कळवलं नाही. त्याने विचारलंही नाही. तो दर शनिवारी फोन करतो. वाऱ्याबद्दल बोलतो, मासे लागताहेत की नाहीत ते सांगतो, राइमोच्या खोकल्याची चौकशी करतो, आणि मी कामाबद्दल काही बोलायच्या आत म्हणतो, "चल, ठेवतो. बाहेर छान ऊन पडलंय."